रिबूची प्रार्थना आणि सणसवाडीचा नळ

मी शिरूर सोडलं त्या दुपारी रफिकभाईंची जीप दारात उभी होती. बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या, पासपोर्ट आणि ऑफर लेटरची फाईल माझ्या काखेत होती, आणि आम्ही सगळे अंगणात गोल करून डोळे मिटून उभे होतो. बाबांची प्रार्थना संपत नव्हती. बाबा दौंडला रेल्वेत फिटर होते, निवृत्त होऊन शिरूरला घर बांधलं तरी त्यांच्या प्रार्थनेत ब्रेक, चाकं आणि सिग्नल आपोआप यायचे. त्यांनी वैमानिकासाठी प्रार्थना केली, विमानाच्या चाकांसाठी केली, आयर्लंडच्या राज्यकर्त्यांसाठी केली. शेवटी रफिकभाई हळूच म्हणाले, "आबा, इमान आपल्यासाठी थांबायचं न्हाई. ऱ्हायलेली प्रार्थना गाडीत करा." बाबांनी डोळे न उघडता रफिकभाईंच्या गाडीसाठीही प्रार्थना केली आणि मग आमेन म्हटलं. आई रडत होती. माझा थोरला भाऊ संजय, म्हणजे दादा, रडत नव्हता. तो टपावरची दोरी पुन्हा पुन्हा ओढून बघत होता. पुण्याला नर्सिंगला होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी मला आणायला आणि सोडायला हाच दादा मोटारसायकलवर यायचा, पावसात स्वतः भिजायचा आणि रेनकोट मला द्यायचा. दादा वाईट माणूस नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मला त्याच्याबद्दल जे लिहायचं आहे ते वाचून तुम्ही माझ्यावर उखडणार आहात.

दौंडच्या आमच्या जुन्या चर्चच्या मंडळीची स्मरणिका निघते आहे. बाहेरगावी आणि परदेशी गेलेल्यांकडून लेख मागवले आहेत. मला विषय दिला तो असा: परदेशात मुलांवर ख्रिस्ती संस्कार कसे करावेत. मला का दिला तेही कळवलं. मी मुद्देसूद लिहिते, माझ्या याद्या असतात, ड्यूटीवर माझं हँडओव्हर सगळ्यात नीट असतं असं कुणीतरी सांगितलं म्हणे. खरं आहे ते. आमच्या फ्रिजवर आठवड्याची भाजी, मुलांचे डबे, कचऱ्याचा कुठला डबा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा, सगळं लावलेलं असतं. म्हणून मी याही कामाला तशीच बसले. वर मथळा घातला. खाली पहिला मुद्दा लिहिला, 'कौटुंबिक प्रार्थना'. आणि मला इतका राग आला की दुसरा मुद्दा काही सुचेना. तेव्हा मुद्दे राहू देत. जे झालं ते लिहिते. तुम्ही जे मागे राहिलात त्यांनी वाचावं, आणि जे माझ्यासारखे निघून आलात त्यांनीही वाचावं, कारण तुमच्यावरही माझा राग आहे.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. पाहुणे असोत, ताप असो, बाबांची शिफ्ट असो, चुकायची नाही. सतरंजी अंथरायची, एक गीत म्हणायचं, वचन वाचायचं आणि मग एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. शेंडेफळापासून सुरुवात, बाबांनी शेवट. माझ्या वयाच्या तुम्हा सगळ्यांना हे माहीत आहे. आणि तुम्हाला हेही माहीत आहे की आपल्या घरांत भांडणं प्रार्थनेत होतात. डोळे मिटलेल्या माणसाला मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे टोमणा मारायला याहून सुरक्षित जागा नाही. माझी आत्या आली की प्रार्थनेत म्हणायची, "प्रभू, दारी आलेल्याला जे साधं चहाचं विचारत न्हाईत, त्यांच्यावर बी कृपा ठेव." पुढची पाळी आईची. आई म्हणायची, "आन् प्रभू, जे न सांगता-सवरता येत्यात, त्यांना बी ध्यान दे." मग बाबा दोघींसाठी शांतीची प्रार्थना करत. आमेन झालं की आई चहा टाकायची आणि आत्या प्यायची. आम्ही पोरं तोंडात रुमाल कोंबून हसायचो. त्यात काही चूक आहे असं आम्हाला कुणाला वाटलं नाही. कौटुंबिक प्रार्थना म्हणजे हेच, अशीच आमची समजूत होती.

दुसरी गोष्ट शनिवारची. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या मेजाजवळची भाकर आणि प्याला, असलं की आदल्या दिवशी बाबा ज्याच्याशी बोलाचाली झाली असेल त्याच्या घरी सायकल काढून जायचे आणि समेट करून यायचे. मनात किल्मिष ठेवून प्रभूच्या मेजाजवळ जायचं नाही, हा नियम. मंडळीत हा नियम सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून एखादा माणूस रविवारी मेजाजवळ न जाता बाकावर बसून राहिला की चर्चमधल्या भक्तीनंतर सगळ्या दौंडात चर्चा. बाबा कधीच बसून राहिले नाहीत. ज्याने त्यांच्या बढतीच्या वेळी साहेबाचे कान भरले त्याच्याही घरी ते गेले आणि त्याचीच माफी मागून आले. लोक म्हणायचे, काय मोठं मन. मीही म्हणायचे. वॉर्डात नव्या नर्सना मी ही गोष्ट सांगितलेली आहे. आता आठवतं तेव्हा एकच दिसतं. तो माणूस आमच्या दारी एकदाही आला नाही. सायकल नेहमी आमच्याच दारातून निघाली.

आयर्लंडमध्ये वॉटरफर्डला आले तेव्हा मी या दोन्ही गोष्टी बरोबर आणल्या. सतरंजीऐवजी कार्पेट, बाकी तेच. रिबेका, आमची रिबू, इथेच जन्मली, मग योएल झाला. दोघांना मराठीतली प्रार्थना पाठ करून घेतली. माझे पती विजय मला म्हणायचे की मुलं पोपटासारखी म्हणतात, मी म्हणायचे की पोपट तर पोपट, म्हणतात ना. मग एका संध्याकाळी लहानग्या रिबूने 'आजारी आणि दुःखीकष्टी लोकांना आधार दे' म्हटलं आणि डोळे उघडून विचारलं की हे लोक कोण, आपल्या ओळखीचे आहेत का. मी दिवसभर आजारी लोकांमध्येच काम करून आले होते आणि मला एक नाव घेता आलं नाही. त्या दिवशी मी घरात नियम बदलला. प्रार्थनेत जे बघितलं ते बोलायचं आणि ज्याचं त्याचं नाव घ्यायचं. मोघम बोलायचं नाही, आणि कुणाला ऐकू जावं म्हणून तर मुळीच नाही. देवाला सांगतो आहोत तर त्याला समजेल असं, सरळ. मग आमच्या प्रार्थनेत शेजारच्या म्हाताऱ्या ब्रिजेटबाईंचं मांजर आलं, शाळेत रिबूच्या बाकावर एकटी बसणारी पोलंडची मुलगी आली, आणि एकदा योएलने 'पप्पांनी सायकल दुरुस्त करतो म्हणून सांगितलं आणि केली नाही' हेही देवाच्या कानावर घातलं. विजयने दुसऱ्या दिवशी सायकल दुरुस्त केली. मला वाटतं, मुलांना खरेपणा शिकवायचा तर याहून सोपी रीत नाही. मी इतकंच केलं. स्मरणिकेला मुद्दा हवा असेल तर हा घ्या.

तुमचा मात्र ठाम समज आहे की परदेशात मुलं बिघडतात. फोनवर पहिला प्रश्न तोच. मुलं मराठी बोलतात का, चर्चला येतात का, मोठ्यांचा मान ठेवतात का. खरं बोलतात का, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. आणि इकडे आलेले आपले लोक तुम्हाला हवं तेच दाखवतात. मुलाला वचन पाठ करून कॅमेऱ्यासमोर उभं करायचं, व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकायचा, खाली पंधरा जणांचे जोडलेले हात. मुलगा कॅमेरा बंद झाल्यावर आपल्या बहिणीशी कसा वागतो ते त्या व्हिडिओत नसतं. आईबाप सफाईवालीशी कसे बोलतात तेही नसतं.

तर मागच्या नाताळात आम्ही शिरूरला गेलो. बाबा जाऊन काही वर्षं झाली, आई दादा-वहिनीकडे असते. दादाची नोकरी सणसवाडीच्या एका कंपनीत, आणि तिथेच त्याने प्लॉट घेऊन खोल्या बांधल्या आहेत. खाली एका ओळीत जुन्या खोल्या, त्यांत बिहार, ओडिशा, विदर्भ अशा सगळीकडून आलेली कामगार कुटुंबं. या वर्षी वर नवा मजला झाला. त्याच्या उपकारस्तुतीची प्रार्थना नाताळनंतर ठेवली होती. शिरूरची मंडळी, चर्चचे पाळकसाहेब, दौंडहून जुने लोक, सगळे येणार. दादा आता मंडळीत पंच आहे. मांडव, खुर्च्या, जेवण, सगळं त्याने नीट योजलं होतं. त्याबाबतीत आम्ही दोघं सारखेच.

तयारीसाठी आम्ही आधीचे काही दिवस सणसवाडीला जात होतो. रिबू खालच्या खोल्यांतल्या मुलांत रमली. तिथे सुनैना नावाची एक बाई, बिहारची, नवरा कंपनीत, मांडीवर बाळ. एका दुपारी बघते तर रिबू आणि सुनैना मिळून पाण्याचा ड्रम ढकलत आणताहेत, रस्त्यापलीकडच्या गॅरेजमधून. मी विचारलं तेव्हा कळलं. खालच्या खोल्या दादाला एका कॉन्ट्रॅक्टरला एकगठ्ठा द्यायच्या होत्या. राहणारे म्हणाले, महिनाभर थांबा, दुसरीकडे जागा बघतो. दादाने थांबायचं नाही असं ठरवलं आणि खालच्या नळांचा व्हॉल्व्ह बंद केला. वर नव्या मजल्यावर पाणी, खाली नाही. बाळाला जुलाब लागले होते. मी नर्स आहे. जुलाब लागलेल्या बाळाच्या घरात पाणी नसणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

मी त्याच संध्याकाळी दादाशी बोलले. तो चिडला नाही, हसला. म्हणाला, "तुझं आयर्लंड वेगळं. हितं गोड बोलून खोली रिकामी व्हत न्हाई. तू चार दिवसांसाठी आलीस, खा, पी, आराम कर." मी बाळाचं सांगितलं. तो म्हणाला, दवाखाना आहे की जवळ. रिबू शेजारी करंज्या मोजून डब्यात भरत होती.

प्रार्थनेच्या दिवशी मांडवात माणूस मावत नव्हता. पाहुण्यांसाठी थंड पाण्याचे जार ओळीने लावलेले. गीतं झाली, वचन झालं, पाळकसाहेबांनी दादाच्या कष्टांबद्दल आणि देवाच्या आशीर्वादाबद्दल सांगितलं. मग वहिनीने सुचवलं की आयर्लंडची आपली भाची मराठीत प्रार्थना करील. तिला कौतुक दाखवायचं होतं, तिच्या मनात वाईट नव्हतं. पाळकसाहेबांनी माईक रिबूच्या हातात दिला. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही.

रिबू म्हणाली, "प्रभू येशू, मामाला नवीन खोल्या दिल्या म्हणून थँक यू. जेवणासाठी थँक यू. खाली सुनैना मावशीकडे पाणी नाही. मामाने नळ बंद केला आहे. तिचं बाळ आजारी आहे. तू मामाला सांग, कारण आई सांगते तर तो ऐकत नाही. आमेन."

आणि सगळा मांडव दणदणीत आवाजात आमेन म्हणाला. सवय. म्हणून झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं की आपण कशाला आमेन म्हटलं. मागे दौंडचं कुणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेबांनी घाईने गीताचा क्रमांक सांगितला, आणि जे गीत निवडलं ते नेमकं जिवंत पाण्याचं निघालं.

दादा हसतमुखाने सगळ्यांना जेवायला वाढत होता. मला वाटलं, तो आत जाईल आणि व्हॉल्व्ह उघडेल. त्याला एवढंच करायचं होतं. मांडवातल्या प्रत्येकाने ते उचलून धरलं असतं. तो गेला नाही.

घरी परतल्यावर वहिनी म्हणाली, "पोरीच्या तोंडून बोललात व्हय ताई? स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं की." मी म्हटलं मी काही शिकवलेलं नाही. कुणाचाच विश्वास बसेना. दादा म्हणाला की आत्याची परंपरा पुढे चालवलीस, पण आत्या निदान माईक घेत नव्हती. माझ्या लक्षात आलं की या घरात प्रार्थना म्हणून कुणीतरी खरंच देवाला काही सांगेल, ही शक्यताच कुणाच्या डोक्यात येत नाही. मोठ्याने केलेली प्रार्थना म्हणजे समोरच्याला मारलेला टोमणा, एवढंच त्यांना ठाऊक. माझी मुलगी देवाशी बोलली, आणि तिथे जमलेल्या इतक्या प्रार्थनावीरांपैकी एकालाही ते ओळखता आलं नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. नळाचा आहेच, पण याचा त्याहून जास्त.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. शनिवारी लोंढे आप्पा आले. बाबांचे दौंडचे मित्र, मंडळीतले सगळ्यात वडील. समेट घडवायला आले होते. मला बरं वाटलं. म्हटलं आता कुणीतरी दादाला नळाबद्दल विचारील. आप्पांनी चहा घेतला, बाबांची आठवण काढली, आणि म्हणाले, "पोरगी ल्हान हाय. मामाच्या पाया पडून म्हणू दे, चुकलं. उद्या मेजाला सगळे मिळून जाऊ. विषय संपला." नळाबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलं, आप्पा, तिचं काय चुकलं? ते म्हणाले, चुकलं-बिकलं काही नाही गं, घरातली गोष्ट चारचौघांत बोलली एवढंच. मी विचारलं, आणि दादाचं? आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या बापानं असं इचारलं नसतं."

खरं आहे. बाबांनी विचारलं नसतं. त्यांनी सायकल काढली असती.

रिबू दारात उभी होती. वहिनीने तिला पुढे बोलावलं. आई पलंगावर बसून होती, ती हळूच रिबूला म्हणाली, "माग बाळा माफी. तोंडानं म्हण, मनात काय बी ठेव." आईने आम्हाला लहानपणापासून हेच सांगितलं होतं. सासरी, शाळेत, साहेबापुढे, चर्चमध्ये. तोंडानं म्हण, मनात काय बी ठेव. यालाच आम्ही नम्रता समजत आलो. याच्यावरच आम्हाला रविवारच्या शब्बाथ शाळेत बक्षिसं मिळाली.

रिबू दादाकडे बघून म्हणाली, "मामा, मी सॉरी म्हटलं तर तू पाणी सोडशील का?"

"बघा," वहिनी म्हणाली, "आता सौदा करायला लागली."

दादा खिडकीतून बाहेर बघू लागला. एवढंच हो म्हण, मी मनात म्हणत होते, आणि माझी मुलगी तुझ्या पाया पडेल, मीही पडेन. तो नाही म्हणाला नाही आणि होही म्हणाला नाही. मग मी रिबूचा हात धरला आणि सांगितलं की ती माफी मागणार नाही. मी इतक्या मोठ्या आवाजात बोलले की शेजारचे तांबोळी चाचा भिंतीपलीकडून विचारू लागले, सगळं ठीक आहे ना. आप्पांनी काठी उचलली. जाताना म्हणाले की परदेशात पोरांवर संस्कार होत नाहीत ते उगाच नाही म्हणत लोक.

रविवारी आम्ही सगळे चर्चला गेलो. दादा पुढे, पंचांच्या जागी. शिरूरच्या चर्चमध्ये एकेक बाक उठून मेजाजवळ जातो. रिबूचं अजून दृढीकरण झालेलं नाही, आणि त्याआधी मुलांना प्रभुभोजन देत नाहीत, त्यामुळे तिला बसूनच राहायचं होतं. आमचा बाक उठला. विजय माझ्याकडे बघून थांबले, मग योएलला घेऊन कडेला उभे राहिले. मी उठले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रभुभोजनाला बसून राहिले, तेही भर मंडळीत, जिथे प्रत्येकाला त्याचा अर्थ कळतो. मी रागाने बसले नव्हते, हे लिहिलं तर खोटं होईल. रागानेच बसले होते. पण त्या मेजाजवळ सगळं ठीक असल्याचं सोंग घेऊन गुडघे टेकणं मला जमेना, आणि शेजारी माझी मुलगी बघत होती.

मग माझ्या लक्षात आलं की आईही उठलेली नाही. वहिनीने तिच्या दंडाला धरलं तर ती म्हणाली, "गुडघं साथ देत न्हाईत आज." सकाळी घरापासून चर्चपर्यंत आई रिक्षा नको म्हणून पायी आली होती. वहिनी एकटी पुढे गेली. आपल्याकडे जे वयस्क उठू शकत नाहीत त्यांच्यासाठी पाळकसाहेब शेवटी भाकर आणि प्याला बाकापर्यंत घेऊन येतात. ते आले. बरोबर ताट धरून दादा होता, ते पंचांचं काम. पाळकसाहेब वाकले. आईने पदर सारखा केला, हात जोडले आणि मान हलवली. नको. पाळकसाहेबांना वाटलं तिला ऐकू आलं नाही, ते पुन्हा पुढे झाले. आईने पुन्हा मान हलवली, आणि या वेळी तिने पाळकसाहेबांकडे पाहिलं नाही, दादाकडे पाहिलं. आमच्या आईने, जिने जन्मभर तोंडाने म्हटलं आणि मनात ठेवलं. दादाने ताट मागे घेतलं.

भक्ती संपल्यावर ती मला एवढंच म्हणाली की लवकर चल, मटण टाकायचं आहे.

त्याच दुपारी खालच्या नळांना पाणी आलं. सुनैनाने फोन करून रिबूला सांगितलं. दादाला पश्चात्ताप झाला की मंडळीत आईची चर्चा होईल म्हणून तो घाबरला, मला माहीत नाही आणि तो सांगणारही नाही. सुनैनाच्या कुटुंबाला तोवर रांजणगावच्या बाजूला खोली मिळाली होती, ते गेलेच. बाळ बरं झालं. माफी कुणी कुणाची मागितली नाही. आम्ही परत निघालो तेव्हा अंगणात प्रार्थना झाली, पण लांबली नाही. दादाने मोघम केली, प्रवास सुखाचा होवो. दोरी ओढून बघायला टपावर काही नव्हतं. आता गाड्यांना डिकी असते.

आता तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात की मी आईला फितवलं. काही जण म्हणतात की पाणी तर आलं, आता सोडून दे. मला सोडायचं नाही. मला तुम्हाला विचारायचं आहे की आपण मुलांना नक्की काय शिकवतो. प्रभूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांची मेजं उलथून टाकली हे आपण शब्बाथ शाळेत चित्र रंगवून शिकवतो, आणि मुलगी नळाबद्दल बोलली तर तिला पाया पडायला लावतो. खोटं बोलू नये हे पाठ करून घेतो, आणि मग तोंडाने एक आणि मनात एक ठेवायचं कसं तेही तितक्याच प्रेमाने शिकवतो. समेट हवाच. माझ्या बाबांचा समेट खरा होता, ते मनापासून जायचे, त्यांच्याबद्दल मी कुणाला वाईट बोलू देणार नाही. पण समेटाला नेहमी दुबळ्यानेच जायचं असेल, तर तो समेट नव्हे, ती बळकटाच्या दारातली हजेरी आहे. आणि हे मी आयर्लंडमध्ये शिकले नाही. हे मी याच शास्त्रातून शिकले जे तुम्ही मला दौंडच्या सतरंजीवर बसवून वाचायला शिकवलंत. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि म्हणूनच इतकी चिडले आहे. परक्यांवर माणूस एवढं चिडत नाही.

या वर्षी नाताळला येणार का, असं वहिनीने विचारलं आहे. या, म्हणाली, खुशाल या, फक्त पोरीला प्रार्थना करायला सांगू नका. रिबूने ते ऐकलं आणि विचारलं की मग आपण कुठे उतरायचं. तिला घर म्हणजे काय असा मोठा प्रश्न पडलेला नाही, तिला बॅग कुठे ठेवायची एवढंच ठरवायचं आहे. मीही तसंच ठरवते. दौंडचं क्वार्टर आता दुसऱ्या कुणाचं आहे. वॉटरफर्डचं घर भाड्याचं आहे आणि तिथे ब्रिजेटबाईंशिवाय आमचं कुणी नाही. राहिलं शिरूर. जिथे माझी मुलगी डोळे मिटून खरं बोलू शकते तेवढ्याच जागेला मी आता घर म्हणते. त्या हिशोबाने शिरूरचं अंगण बसत नाही, हॉल बसत नाही, पाहुण्यांची खोली तर नाहीच नाही.

आईची खोली बसते. तिकडे दोन गाद्या टाकता येतील का, हे मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, गाद्या मी उन्हात घातल्यात.